पोस्टानं अडवलेली रद्दी : लॉस एंजेलिसचं वन अर्काइव्हज

आधीच सांगते, इथे बघण्यासारखं फार काही नाही. लॉस एंजेलिसला आलेल्या पाहुण्यांना मी इथे आणत नाही. त्यांच्यासाठी हॉलीवूडची पाटी आहे, सँटा मोनिकाचा समुद्र आहे. पण जुने कागद उलगडून वाचायची खोड असेल तर ९०९, वेस्ट अ‍ॅडम्स बुलेव्हार्ड हा पत्ता लिहून ठेवा. युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियाच्या ग्रंथालयाचा हा भाग, पण मुख्य आवारापासून जरा उत्तरेला, वेगळा. पूर्वी हे विद्यार्थ्यांच्या एका फ्रॅटर्निटीचं, म्हणजे पोरांच्या मंडळाचं, राहायचं घर होतं. जिथे पोरं बिअर पीत बसत असतील तिथे आता समलिंगी, उभयलिंगी, ट्रान्स लोकांच्या पत्रांची, पत्रकांची, मासिकांची खोकी आहेत. या विषयावरचा जगातला सगळ्यात मोठा संग्रह म्हणतात तो हाच. प्रवेश फुकट. विद्यापीठाचं असणंही गरजेचं नाही, कुणीही जाऊ शकतं.

आणि ‘वन’ म्हणजे अरण्य नव्हे, इंग्रजीतला एक. आईला व्हॉट्सअ‍ॅपवर पत्ता पाठवला तेव्हा तिला वाटलं पोरगी अभयारण्य बघायला गेली.

मी राज्यशास्त्र शिकवते. वंश, स्थलांतर आणि लैंगिक अल्पसंख्याकांचं राजकारण असा तीन डब्यांचा विषय आहे माझा. कराडला कुणी विचारलं तर आई त्यातला मधलाच डबा उघडते : “इमिग्रेशनवर आहे तिचं.” मग समोरचा लगेच आपल्या भाच्याच्या एच-वन-बीचं विचारतो, आणि तिसरा डबा न उघडताच चहा येतो. तिसऱ्या डब्याबद्दल ज्यांना कळतं ते सगळे एकच प्रश्न विचारतात : “पण तू हाच विषय का घेतलास?” यातला ‘का’ लांबवलेला असतो. पुण्यात मौखिक परीक्षेला विचारलं, इथे नोकरीच्या मुलाखतीत वेगळ्या शब्दांत विचारलं, एकदा व्हिसाच्या खिडकीवर काचेपलीकडच्या बाईंनी विचारलं. त्या दिवशी मीही आईसारखाच एक डबा उघडला. दुसऱ्या एका संग्रहालयात (नाव घेत नाही) अर्जावर ‘या सामग्रीत रस असण्याचं कारण’ असा रकाना होता आणि टेबलामागच्या गृहस्थांनी माझं उत्तर मोठ्यानं वाचून दाखवलं, शेजारी चौघं बसलेले असताना.

त्यामुळे पहिल्या दिवशी इथे मी उत्तर तोंडपाठ करून गेले होते. कुणी विचारलंच नाही. कुठलं खोकं हवं, कुठला फोल्डर हवा, फोटो काढणार का, एवढंच.

कामाची पद्धत कुठल्याही चांगल्या अर्काइव्हसारखी आहे. संग्रहांच्या याद्या ऑनलाइन आहेत. घरूनच बघा, काय हवं ते आधी कळवा, वेळ ठरवून जा. तोंड वर करून गेलात आणि “काहीतरी इंटरेस्टिंग दाखवा” म्हणालात तर दोघांचाही दिवस फुकट. पेन बाहेर, पेन्सिल आत. एका वेळी एकच फोल्डर, कागदांचा क्रम हलवायचा नाही. आईला वाटतं मी पांढरे हातमोजे घालून बसते, सिनेमातल्यासारखी. कागदाला मोजे लागत नाहीत, उलट मोज्यांनी पान फाटायची भीती जास्त. हात स्वच्छ धुतलेले पुरे. मोजे फोटोंना. कागदाच्या खोल्या थंड ठेवतात, तेव्हा शाल न्या. मी सोलापुरी चादर नेते, तिचं कौतुक होतं.

आता पोस्टानं अडवलेल्या त्या अंकाबद्दल. ‘वन’ नावाचं मासिक जानेवारी १९५३ मध्ये याच शहरात निघालं, समलिंगी लोकांनी समलिंगी लोकांसाठी काढलेलं, किंमत २५ सेंट. तेव्हा कॅलिफोर्नियात समलिंगी संबंध हा गुन्हा होता, सरकारी नोकरीतून माणसं वेचून काढली जात होती. मी मागवला ऑक्टोबर १९५४ चा अंक. फोल्डरमधून निघाला तेव्हा पहिली प्रतिक्रिया : एवढासाच? आपल्या दिवाळी अंकाच्या निम्मासुद्धा नाही. मधोमध दोन पिना, त्यांचा गंज आतल्या पानावर उतरून तांबडे ठिपके झालेले. मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरांत, मराठीत सांगायचं तर, ‘हे तुम्हाला छापता येणार नाही!’ आत वकिलाचा लेख, की आपण काय छापू शकतो आणि काय नाही. आणि नेमका हाच अंक लॉस एंजेलिसच्या पोस्टमास्तरानं, ऑटो ओलेसन त्याचं नाव, अश्लील म्हणून अडवला. कशासाठी? एक कथा, एक विनोदी कविता आणि एक जाहिरात. कथेत दोन बायका शेवटी एकमेकींबरोबर राहायचं ठरवतात. बस्स. मी ती कथा दोनदा वाचली, अश्लील जागा सापडेना. आपल्याकडच्या मासिकांतल्या साडीच्या जाहिराती जास्त धीट असतात.

एरिक जुल्बर नावाच्या तरुण वकिलानं पैसे न घेता खटला लढवला. खाली हरले, अपिलात हरले, आणि १३ जानेवारी १९५८ ला सर्वोच्च न्यायालयानं युक्तिवादसुद्धा न ऐकता, जेमतेम एका ओळीत निकाल फिरवला. समलिंगी विषयावर त्या न्यायालयानं दिलेला हा पहिला अनुकूल निर्णय. निकालपत्र शोधायला गेलं तर पान उलटायच्या आत संपतं.

मराठी माणसाला इथे र. धों. कर्वे आठवणारच. लैंगिक आरोग्यावरचं त्यांचं मासिक ‘समाजस्वास्थ्य’ १९२७ ला सुरू झालं आणि १९५३ ला, कर्वे गेले त्या वर्षी, संपलं. म्हणजे गिरगावात एक मासिक मिटलं त्याच वर्षी लॉस एंजेलिसमध्ये दुसरं उघडलं. दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, पण दोघांनाही कोर्टाची पायरी चढावी लागली ती वाचकांशी सरळ बोलल्याबद्दल. १९३४ मध्ये कर्व्यांवर दुसरा खटला झाला तो वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून, आणि त्या प्रश्नांत समलिंगी संबंधांचेही प्रश्न होते. कर्व्यांच्या बाजूनं उभे राहिले बॅरिस्टर आंबेडकर. खटला हरले, दंड झाला. माझ्या इथल्या वर्गात मी हे सांगते तेव्हा पोरं वहीतून मान वर काढतात. त्यांना आंबेडकर जातीच्या प्रकरणात भेटलेले असतात. समलिंगी लोकांच्या शंकांना उत्तर देणाऱ्या संपादकाचे वकील म्हणून नाही.

हा संग्रह जमला कसा, ती गोष्ट मला संग्रहाहून जास्त आवडते. जिम केप्नर नावाचा माणूस. १९२३ मध्ये टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टनला एका कण्हेरीच्या झुडपाखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक तान्हं मूल सापडलं, ते हे. मोठा झाल्यावर त्यानं १९४० च्या दशकापासून समलिंगी लोकांबद्दल छापलेलं जे जे दिसेल ते साठवायला सुरुवात केली : कादंबऱ्या, पत्रकं, कात्रणं. पैसा नाही, पदवी नाही, घरभर खोकी. वर्तमानपत्रात गुंडाळून टाकलेला माणूस आयुष्यभर वर्तमानपत्रं सोडेना, यावर कुणी कथा लिहिली तर संपादक म्हणेल फार जुळवून आणलंय.

आणि संस्था म्हटली की भाऊबंदकी आलीच. महाराष्ट्र मंडळात वाढलेल्या कुणालाही पुढचा भाग घरचा वाटेल. ‘वन’ काढणाऱ्यांत डोर लेग आणि डॉन स्लेटर अशी दोन माणसं होती. लेगला वर्ग भरवायचे होते. १९५६ मध्येच त्यांनी ‘वन इन्स्टिट्यूट’ काढून समलिंगी विषयांचे पाठ सुरू केले होते. माझा जो विषय आज विद्यापीठात पगार देतो तो तेव्हा एका भाड्याच्या कार्यालयात संध्याकाळी शिकवला जात होता, पदवीबिदवी काही न मिळता. स्लेटरला मासिक आणि ग्रंथालय महत्त्वाचं. कुरबुर वाढत गेली आणि १९६५ च्या ईस्टरच्या रविवारी स्लेटरनं साथीदारांना घेऊन कार्यालयातलं सामान, पुस्तकं, फायली सगळं उचलून दुसऱ्या जागी नेलं. मग कोर्टकचेरी. काही काळ तर ‘वन’ नावाची दोन मासिकं निघत होती, खरं कोणतं ते वाचकानं ठरवावं. १९९४ मध्ये केप्नरचा संग्रह आणि ‘वन’ एकत्र आले, २०१० मध्ये विद्यापीठाच्या ग्रंथालयानं सगळं ताब्यात घेतलं. आज त्या भांडणाचीसुद्धा पत्रं नीट क्रमांक लावून वाचायला मिळतात, दोन्ही बाजूंची. आपल्या मंडळांच्या इतिवृत्तांत ‘खेळीमेळीच्या वातावरणात चर्चा झाली’ एवढंच मिळतं.

या जागेला तारे द्यायचे झाले तर अर्धा तारा मी कापते तो इथे. ज्यांनी खोकी भरली त्यांचंच जग खोक्यांत आहे, आणि सुरुवातीचे भरणारे बहुतेक गोरे पुरुष. याला कर्मचारी काय करणार, दोष त्यांचा नाही. पण माझ्यासारखीला वंशाचा धागा शोधायचा असला की सुई फार वेळ हातात राहते. उदाहरण देते. ‘वन’च्याही आधी, १९५० च्या आसपास, याच शहरात ‘नाइट्स ऑफ द क्लॉक्स’ नावाचा एक छोटा गट होता, गोरे आणि काळे जोडीदार असलेल्या समलिंगी जोडप्यांसाठी. तो काढणाऱ्यांत एक होता लेग, दुसरा मर्टन बर्ड, कृष्णवर्णीय हिशेबनीस. लेगबद्दल वाचायला बसलात तर आठवडा पुरणार नाही. बर्डचं नाव मात्र दुसऱ्याच्या आठवणीत, दुसऱ्याच्या वाक्याच्या शेवटी येतं. दोन माणसांनी मिळून एक काम केलं; एकाचे कागद राहिले, दुसऱ्याच्या नावापुढे स्वल्पविराम. माझ्या पुस्तकातलं एक अख्खं प्रकरण या स्वल्पविरामावर चाललं आहे, आणि सध्या ते मला जिंकून देत नाहीये.

तिथेच बसून मला सखाराम गणेश पंडित आठवतो. नाव वाचून दचकलात ना? मीही दचकले होते, पहिल्यांदा एका निकालपत्रात पाहिलं तेव्हा. हा वकील याच लॉस एंजेलिसमध्ये वकिली करत होता. १९१४ मध्ये न्यायालयानं त्याला ‘गोरा’ ठरवून नागरिकत्व दिलं. तेव्हा कायद्यानं गोऱ्यांना आणि आफ्रिकन वंशाच्यांनाच नागरिक होता येत असे. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद या नागरिकत्व मागणाऱ्या भारतीयाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हिंदी माणूस गोरा नव्हे. थिंदचा वकील हाच पंडित. मग सरकार उलटं फिरून एकेका हिंदी माणसाचं नागरिकत्व काढायला निघालं, आणि वकिलाच्याच दारात आलं. पंडितनं सांगितलं : तुम्हीच नागरिक केलंत, त्या भरवशावर मी मायदेशातले हक्क सोडले, इथे व्यवसाय उभा केला, लिलियनशी लग्न केलं, आता माझं काढलंत तर त्या गोऱ्या अमेरिकन बाईचंही जाईल. १९२६ मध्ये अपील न्यायालयानं त्याच्या बाजूनं निकाल दिला आणि पुढे सरकारनं बाकीचे तसले खटलेही सोडून दिले. पंडितचे कागद इथे नाहीत, तो विषयच वेगळा. पण इथल्या खोक्यांत मी तेच शोधत असते : सरकारी माणूस टेबलापलीकडून विचारतो, तू कोण? आणि उत्तरावर घर टिकतं किंवा जातं.

क्लाइव्ह बुटिलियेचं गेलं. कॅनडातून आलेला, न्यूयॉर्कला राहणारा हा माणूस १९६३ मध्ये नागरिकत्वाचा अर्ज करायला गेला आणि चार वर्षांपूर्वी समलिंगी संबंधावरून अटक झाली होती हे त्यानं स्वतःहून, खरं खरं सांगितलं. १९५२ च्या कायद्यात ‘मनोविकृत व्यक्तिमत्त्व’ असलेल्यांना देशात यायला बंदी होती. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ६ विरुद्ध ३ असं ठरवलं की यात समलिंगी माणूस येतो. हाकलला. ती बंदी कायद्यातून जायला १९९० उजाडलं. मी विद्यार्थ्यांना हा खटला शिकवते तेव्हा एक तरी जण विचारतो, मग त्यानं खोटं का नाही सांगितलं? परदेशी विद्यार्थी हा प्रश्न कधीच विचारत नाहीत.

गेल्या खेपेला मी ‘द अ‍ॅडव्होकेट’चे १९७५ चे अंक मागवले होते, तेही वृत्तपत्र याच शहरात १९६७ ला सुरू झालेलं. मला हवी होती बोल्डरची बातमी. कोलोराडोतल्या बोल्डरला क्लेला रोरेक्स नावाच्या तरुण काउंटी क्लार्कनं त्या वसंतात सहा समलिंगी जोडप्यांना लग्नाचे परवाने दिले होते. त्यातले दोघे लॉस एंजेलिसहून गेलेले : रिचर्ड अ‍ॅडम्स, जन्म मनिलाचा, अमेरिकन नागरिक, आणि टोनी सलिव्हन, ऑस्ट्रेलियन, व्हिसा संपत आलेला. लग्न करून आले आणि कुठलाही नवरा बायकोसाठी करतो तसा अ‍ॅडम्सनं टोनीच्या ग्रीनकार्डचा अर्ज केला. इमिग्रेशन खात्याचं उत्तर आलं. त्यात लिहिलं होतं की दोन अमुक-तमुकांमध्ये, आणि इथे शुद्ध शिवी, खरंखुरं वैवाहिक नातं असू शकतं हे तुम्ही सिद्ध केलेलं नाही. खात्याच्या लेटरहेडवर टाइप केलेली शिवी. मला नेहमी त्या टंकलेखकाचा विचार येतो. हाताखाली ते अक्षर आलं तेव्हा थांबली असेल का, की साहेबांनी सांगितलं म्हणून पुढे गेली?

दोघं कोर्टात गेले, १९८२ मध्ये हरले. हद्दपारीविरुद्धची दुसरी लढाई १९८५ मध्ये हरले. तो निकाल लिहिणारे न्यायाधीश अँथनी केनेडी, ज्यांनी तीस वर्षांनी, २०१५ मध्ये समलिंगी विवाहाचा निकाल लिहिला. मधल्या काळात दोघं वर्षभर युरोपात भटकले, मग गुपचूप परतून लॉस एंजेलिसमध्ये राहिले. अ‍ॅडम्स २०१२ मध्ये गेला. टोनीला ग्रीनकार्ड मिळालं २०१६ मध्ये, त्याच १९७५ च्या लग्नावर, विधुर म्हणून. माझ्या विषयाचे तिन्ही डबे एका जोडप्यात, आणि तिन्ही एकमेकांत सांडलेले. आणि गंमत बघा, ‘वन’च्या ऑगस्ट १९५३ च्या अंकाच्या मुखपृष्ठावरच प्रश्न होता : समलिंगी विवाह? तोही अंक पोस्टानं अडकवला होता, पण नंतर सोडला.

बाकी व्यवहाराचं. गाडी आणू नका, मेट्रोची ई लाइन घ्या, जेफरसन/यूएससीला उतरून चालत या. डबा आत चालत नाही, हे सांगायला नकोच. जेवायला ‘मर्काडो ला पलोमा’ गाठा. बऱ्यापैकी चालावं लागतं, पण जुन्या कपड्यांच्या कारखान्यात स्थलांतरितांनी थाटलेले खाद्यपदार्थांचे गाळे आहेत आणि युकातानी पदार्थ उत्तम. शाकाहाऱ्यांनी आधी विचारून घ्यावं, तिथल्या घेवड्यात डुकराची चरबी असू शकते. आणि एका दिवसात सगळं उरकायला जाऊ नका. मी पहिल्या वेळी आठ खोकी मागवली, दोन वाचून झाली. पीएचडी करणाऱ्या मराठी पोरापोरींना एवढंच सांगेन, प्रत्येक फोटोबरोबर फोल्डरच्या पट्टीचाही फोटो काढा. माझ्या मोबाइलमध्ये २०१९ चे तीनशे फोटो आहेत आणि ते कुठल्या खोक्यातले हे फक्त देवाला माहीत.

परवा तिथून निघाल्यावर फुटपाथवरूनच आईला फोन केला. कराडला सकाळ झाली होती, कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. पोस्टानं अडवलेल्या अंकाचं सांगितलं, कर्व्यांचं सांगितलं. ती म्हणाली, “समाजस्वास्थ्य ना? अप्पांच्या ट्रंकेत होते की ते.” अप्पा म्हणजे माझे आजोबा, तलाठी, धोतर-टोपीवाले. मी उभीच राहिले. किती होते?

“बरेच होते. सुतळीनं बांधून ठेवलेले. अप्पा गेल्यावर घर आवरलं तेव्हा मीच रद्दीत घातले.”

“उघडून नाही बघितलेस?”

“बघितला की एक. वर बाईचं चित्र होतं, अंगावर काही नाही. मी आपला वरून सकाळ ठेवला आणि रद्दीवाल्याला दिला गठ्ठा.” मग जरा थांबून, “किलोमागं काय दिलं होतं कोण जाणे. तू जेवलीस का?”